सहा चेहऱ्यांचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. हसू नका, तक्त्यालाही जीव असतो! बायकांच्या वॉर्डात, बेसिनशेजारच्या खिळ्याला मी लटकतो. माझ्या अंगावर सहा चेहरे आहेत. पहिला खुदकन हसणारा, मग एकेक उतरत गेलेला आणि सहावा ढसाढसा रडणारा. ज्याला इथली भाषा येत नाही त्याने बोट ठेवायचं, म्हणजे किती दुखतंय ते सिस्टरना कळतं.

छापखान्यातून आलो तेव्हा काय माझा तोरा! परमुलखातून पोट भरायला आलेली माणसं या भागात फार. डॉक्टर म्हणायचे, "या तक्त्यानं आपलं अर्धं काम हलकं केलं." मी फुशारून जायचो. गर्वाचं घर खाली, दुसरं काय!

एके दुपारी एक आई पोट धरून आली. सोबत तिचा कारखान्यात काम करणारा मुलगा. त्याला इथली भाषा येत होती, म्हणून तोच दुभाषी. त्या दिवशी वॉर्डात सिस्टर एकटीच होती. तिने मला आईपुढे धरलं आणि मुलाला म्हणाली, "विचार आईला, किती दुखतंय? पाळीचा काही त्रास आहे का?"

मुलगा कानापर्यंत लाल झाला. खाली मान घालून त्याने अर्धंमुर्धं विचारलं. त्यांच्यात बायकांचं दुखणं बाई बाईलाच सांगते, पोटच्या मुलापुढे त्याचा उच्चारही करत नाही. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. ते बोट गार पडलं होतं. मला कळत होतं हो सगळं! पण सहा तोंडं असून एकालाही वाचा नाही.

सिस्टरने कागदावर 'वेदना नाही' असं लिहिलं आणि गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत आणली, तोवर पोटात रक्त साचलं होतं. ती वाचली नाही.

"मी नीट विचारलंच नाही, सिस्टर. मला लाज वाटली," मुलगा भिंतीला टेकून एवढंच म्हणत राहिला.

पुढे नर्सेसचं शिबिर झालं. परमुलखातल्या रुग्णांच्या रीतीभाती ओळखून सेवा कशी करावी, हे शिकवायला त्या आईच्याच मुलखातल्या एक बाई आल्या. सिस्टरने मला हातात धरून सगळं सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, "मुलाला बाहेर थांबवून तिची भाषा येणारी एखादी बाई आत बोलवायची होती."

"एवढंच?" सिस्टरने विचारलं. मग ती रडायलाच लागली.

आता माझ्या पाठीवर एका दुभाषी बाईंचा फोन नंबर चिकटवलाय. पण गर्दीत मला उलटून कोण बघतो? माझा हसरा चेहराच सगळ्यांत जास्त झिजलाय, मित्रांनो. म्हणून हात जोडून सांगतो, कुणी "दुखत नाही" म्हणालं, तर आधी बघा, तिच्याशेजारी कोण उभं आहे.