श्वास रोखून दिलेलं माप

मी एक जुना, गडद निळा कोट आहे. मित्रांनो, आज माझ्या कोपराला कसरीने भोक पाडलं आहे आणि कॉलरचा रंगही विटला आहे. पण नेपल्सच्या मासळीबाजारामागच्या गल्लीत मी शिवला गेलो, तेव्हा एका बापाची अब्रू माझ्यावर होती.

त्याचं नाव एजिदियो. मासळी विकायचा. अंगाने गोल, मान आखूड, आणि बर्फाच्या पेट्या वाहून वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. आपल्या दुकानामागे तो राजा होता. एप्रन बांधून, पोट पुढे काढून त्याने हाक दिली की वरच्या मजल्यावरच्या बायका दोरीने टोपल्या खाली सोडत. पण त्याच माणसाला कोट चढवा, की तो भिंतीच्या कडेकडेने चालू लागे.

त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, इमाकोलाताचं, लग्न ठरलं होतं. सासरची माणसं टेकडीवरच्या वस्तीतली, सगळी सडसडीत आणि टापटीप. त्या गल्लीत रीत अशी की बाप मुलीचा हात धरून घरापासून चर्चपर्यंत चालत जातो, आणि दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांतून अख्खी गल्ली बघते. एजिदियोने तो मान परस्पर मेहुण्याला, आमेदेओला, देऊन टाकला होता. आमेदेओ उंच, कंबरेत बारीक. काहीही घातलं तरी शोभायचं. आपण पिंपासारखे दिसू आणि पोरीचं हसं होईल, एवढंच एजिदियोच्या डोक्यात बसलं होतं.

मुलगी रडली नाही. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही नसाल तर मी एकटी चालत जाईन. मामाबरोबर जाणार नाही."

म्हणून एजिदियो तोमासो शिंप्याकडे आला. सगळी गल्ली या म्हाताऱ्या कारागिराला मास्त्रो म्हणत असे. एजिदियोने फर्मावलं की कोट आमेदेओच्या कोटासारखाच हवा, खांद्यात कापूस भरा आणि कंबर आवळा. मास्त्रोंनी मान डोलावली आणि टेप काढली. टेप पोटाजवळ येताच एजिदियोने श्वास ओढला, पोट आत घेतलं, छाती फुगवली आणि छताकडे बघत उभा राहिला. श्वास सोड, असं मास्त्रोंनी किती वेळा सांगितलं. तो म्हणे, सोडलाय की. चेहरा मात्र टोमॅटोसारखा लाल.

कच्च्या शिलाईवर मला पहिल्यांदा त्याच्या अंगावर चढवलं, तेव्हाही तेच झालं. आरशातल्या फुगवलेल्या माणसाला मी चपखल बसलो. मास्त्रोंनी माझ्या शिवणींत बरीच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवली. खांद्यात कापूस भरलाच नाही. उतरलेला खांदा तसाच ठेवून त्यांनी त्याच्या बेताने कापड कापलं.

लग्नाची सकाळ उजाडली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खाली बँडवाले येऊन उभे होते. एजिदियोने मला अंगात घातलं, बटण लावलं आणि तो पायरीपर्यंत कसाबसा गेला. पण मित्रांनो, माणूस चर्चपर्यंत श्वास रोखून कसा चालणार? त्याने श्वास सोडला. माझ्या पोटावर कापड ताणलं गेलं, बटणाचा दोरा करकरला. अजून एक श्वास, आणि मी सगळ्यांदेखत उघडा पडलो असतो.

तो आतल्या खोलीत परत आला आणि त्याने मला काढून पलंगावर फेकलं. "आमेदेओला बोलवा," तो म्हणाला. "मी येत नाही."

आमेदेओ दारातच उभा होता. हातमोजे घालून तयार. "दाजी, मी म्हटलंच होतं," तो हळूच म्हणाला. "आपल्याला झेपेल तेच करावं माणसाने."

चर्चची घंटा वाजू लागली. शेजारच्या खोलीत इमाकोलाता लग्नाचा झगा सावरत उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं. लग्नाच्या दिवशी गिऱ्हाइकाला कोट चढवायला शिंप्याने स्वतः यायचं, ही मास्त्रोंची जुनी पद्धत. म्हणून ते तिथेच होते. त्यांनी मला उचललं, पुन्हा एजिदियोच्या अंगात चढवलं आणि बटण न लावता खडू हातात घेतला. एजिदियोने सवयीने पोट आत घेतलं.

मास्त्रो खडूकडे बघत म्हणाले, "अरे, परवा बायको सांगत होती, तुझ्याकडची माकुळं शिळी निघाली म्हणून."

"शिळी?" एजिदियोचा आवाज थेट रस्त्यावर गेला. पोट पुढे आलं, हात कंबरेवर गेले, पाय फाकले. "माझी माकुळं? पहाटे जाळ्यातून काढलेली असतात, मास्त्रो. वहिनींना म्हणावं, नाकाला औषध लावा."

"बस. असाच उभा राहा," मास्त्रो म्हणाले आणि खुणा करून मोकळे झाले. "इतके दिवस मी याच माणसाला शोधत होतो. माझ्या दुकानात भलताच कुणीतरी येत होता."

मग माझ्या शिवणी उसवल्या. बँड थांबला होता, पाद्रीबाबांचा माणूस येऊन गेला होता, आणि सुई माझ्यातून सरसर धावत होती. बटण पुढे सरकलं, दाबलेली माया बाहेर आली. पुन्हा अंगात चढलो तेव्हा मी प्रथमच खऱ्या एजिदियोला भेटलो. उतरलेला खांदा माझ्यात नीट बसला. पोटावरून मी सरळ खाली आलो, कुठे सुरकुती नाही.

दोघं रस्त्यावर आली. सुरुवातीला एजिदियो भरभर चालू लागला. कधी एकदा पोचतो असं झालं होतं. इमाकोलाताने त्याचा दंड दाबला. "पप्पा, हळू चाला. बघू दे की त्यांना."

सज्ज्यातून कुणीतरी ओरडलं, "एजिदियो, आज मासळी कोण विकतंय रे?" त्याने मान वर केली आणि दुकानातल्या आवाजात उत्तर दिलं, "आज बाजार बंद. आज माझी पोर निघालीय." गल्ली हसली, पण त्याला नाही, त्याच्याबरोबर. पुढच्या महिन्यात आमेदेओ मास्त्रोंकडे जाऊन दाजींसारखा कोट मागत होता.

वर्षं गेली. दर रविवारी मी एजिदियोबरोबर फिरलो. पुढे त्याला आजार जडला आणि तो वाळला. मी त्याच्यावर लोंबू लागलो. तेव्हा तो आपणहून दुकानात गेला. मास्त्रो फार थकले होते. आरशासमोर तो सैल उभा राहिला आणि म्हणाला, "आता मी एवढाच उरलोय. एवढ्याचाच शिवा." माझ्या शिवणी पुन्हा आत गेल्या.

आता तो नाही. मी इमाकोलाताच्या कपाटात तारेच्या हँगरवर लटकतो आणि माझे खांदे दुखतात. मित्रांनो, लोकरीच्या कपड्याला रुंद लाकडी हँगर द्या, वरचेवर ब्रशने झटका, ऊन दाखवा. आणि तुमचं अंग उंच असो, बुटकं असो, जाड असो की किडकिडीत, त्याच्यावर रागावू नका. आम्हा कपड्यांना उसवून पुन्हा शिवता येतं. तेवढ्यासाठीच तर आमच्या पोटात कापड जास्तीचं ठेवलेलं असतं.