शुक्रवारची पावणेसातची नोंद

मी एक जुनं मेमरी कार्ड आहे, मित्रांनो, करंगळीच्या नखाएवढं. जोरात शिंकलात तर मी कुठं उडून पडेन ते सापडायचं नाही. पण माझ्या पोटातल्या एका ओळीनं अर्धापुरातलं एक मोठं घर गप्प केलं होतं, म्हणून आज जरा छाती काढून बोलतो. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

कुठल्याशा लांबच्या कारखान्यात माझ्यासारखे हजारो एका दिवसात तयार झाले. मी नांदेडच्या एका मोबाईलच्या दुकानात पुठ्ठ्यावर लटकत आलो आणि तिथून शरणप्पाच्या फोनमध्ये गेलो. शरणप्पा निलंग्याचा. अर्धापूरहून केळीचा टेम्पो भरून न्यायचा. त्यानं माझ्यात नऊशे गाणी ठासून भरली. अर्धी मराठी, अर्धी कन्नड. घाट असो की खड्डे, माझ्यामुळं त्याला झोप येत नसे. लई चांगले दिवस होते ते. मग त्यानं नवा फोन घेतला. त्याच्यात माझ्यासाठी जागाच नव्हती. झालं, माझी रवानगी टेम्पोच्या कप्प्यात, सुपारीच्या पुड्या आणि टोलच्या चिठ्ठ्यांमध्ये. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

आता पंचशीलाचं सांगतो, कारण गोष्ट तिची आहे. अर्धापुरात भुजंगरावांची केळी पिकवायची बंद खोली आहे. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत रचायची, खोली अठरा अंशांवर थंड ठेवायची, आणि पाच दिवसांनी सारखी पिवळी झालेली केळी नांदेडला पाठवायची. ते यंत्र पंचशीला सांभाळायची. नांदेडच्या आयटीआयमधून एसी-फ्रीजचं काम शिकून आलेली, पंचवीस वर्षांची, कमी बोलणारी. बाईमाणसाला हे जमणार नाही म्हणणारे गावात पुष्कळ होते. वर्षभर तिनं एक घड खराब होऊ दिला नाही, तेव्हा ते जरा गप्प झाले.

आणि मग लागोपाठ दोन शनिवार दाराजवळचे क्रेट बिघडले. साल वरून हिरवट आणि आत गर मऊ, जणू शिजलेला.

"खोली तापली," भुजंगराव म्हणाले. "लाईट जाऊन आली असंल, तू यंत्र पुन्हा चालू करायचं इसरली."

"न्हाई दादा. सहाला जाताना अठरावर सोडून गेले. सकाळी आले तवा बी अठराच होतं."

"मग मधी काय झालं?"

भुजंगराव वाईट माणूस नव्हते, पण बाजारात त्यांचंही नाव जात होतं. ते म्हणाले, "धर्माबादचा एक माणूस हाय वळखीचा. पुढल्या शनिवारी बी असंच निघालं, तर त्याला बोलावून घेतो."

त्या संध्याकाळी पंचशीलानं घरी एक जुना डबा उघडला. त्यात आयटीआयच्या दिवसांतला एक बोर्ड होता, पत्त्याच्या पानाहून लहान, बारक्या कॉम्प्युटरसारखा. त्याला एक काम सांगून ठेवायचं आणि तो न कंटाळता तेच करत बसतो. तापमान मोजायची काडी तिच्याकडं होती, वेळ सांगणारा घड्याळाचा तुकडाही होता. पण बोर्डाला स्वतःची आठवण जवळजवळ नसते. मोजलेलं लिहून ठेवायला कुणीतरी लागतं. दुसऱ्या दिवशी तिनं शरणप्पाला विचारलं. त्यानं कप्पा उपसला, मला पँटला पुसलं आणि म्हणाला, "घ्या ताई. गाणी हायत त्याच्यात, पुसून टाका." नऊशे गाणी एका मिनिटात गेली. वाईट वाटलं, पण कामाला लागल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

मला बोर्डाला जोडणं सोपं नाही बरं का. बोर्ड पाच व्होल्टचा गडी, मला सव्वातीनच्या वर सोसत नाही. थेट जोडलं असतं तर मी तिथंच जळालो असतो. पंचशीलाला ते माहीत होतं. तिनं मधे व्होल्ट उतरवणारा सॉकेट बसवला, त्यात मला सरकवलं. सहा तारा लावल्या. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आलं, कार्ड सापडत नाही. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. मी तर तिथंच होतो, पण हाक मला ऐकू येईल तर ना. बोर्डाकडून माझ्याकडं यायची तार आणि माझ्याकडून परत जायची तार, ह्या दोन तिनं उलट्यापालट्या केल्या होत्या. तिसऱ्या खेपेला तिनं ते ओळखलं, अदलाबदल केली, आणि आमचं बोलणं सुरू झालं. ती स्वतःशीच हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला एका प्लास्टिकच्या डब्यात घालून खोलीत दाराशेजारी टांगलं. दर पाच मिनिटांनी एक ओळ, वार, वेळ, तापमान. शनिवारी क्रेट बाहेर निघाले. पुन्हा तेच, दाराजवळचे मऊ. पण पंचशीला घाबरली नाही. मला काढून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावलं आणि म्हणाली, "दादा, आता बघा."

फाईल कोरी होती. एक अक्षर नाही.

भुजंगराव उठून क्रेट बघायला गेले. तेच जास्त लागलं.

मित्रांनो, आकडे माझ्या पोटात होते. पण वहीत लिहून झाल्यावर वही मिटावी लागते, तसं माझ्यातली फाईल उघडली की बंदही करावी लागते. तेव्हाच तिची लांबी माझ्या यादीत चढते. पंचशीलानं फाईल पहिल्या दिवशी उघडली आणि पाच दिवस उघडीच ठेवली. यादीत लांबी शून्य, म्हणून कॉम्प्युटरला सगळं कोरं. तिनं दुपारभर शोधून ही चूक काढली. मग प्रत्येक ओळीनंतर फाईल बंद करायची, असं बोर्डाला बजावलं. भुजंगरावांकडं जाऊन म्हणाली, "चूक माही होती, दादा. अजून एक आठवडा द्या."

"एकच," ते म्हणाले.

तो आठवडा मी डोळ्यात तेल घालून काम केलं. मंगळवार अठरा, बुधवार अठरा, गुरुवारी दोनदा लाईट गेली तरी साडेअठराच्या वर काही नाही. शुक्रवारी सहाला पंचशीला दार लावून गेली. पावणेसातला कडी सरकली. बांगड्या वाजल्या. कुणीतरी पुटपुटत आत आलं, बाहेर गेलं, आणि दार पुन्हा लागल्याचा आवाज आलाच नाही. एकोणीस, बावीस, सव्वीस, एकोणतीस. मी एकेक ओळ लिहीत गेलो आणि फाईल मिटत गेलो. सव्वानऊला कडी लागली.

शनिवारी ऑफिसात भुजंगराव होते, शरणप्पा टेम्पो लावून दारात उभा होता, आणि भुजंगरावांच्या आई कस्तुराबाई चहा घेऊन आल्या होत्या. पंचशीलानं फाईल उघडली. या वेळी ती भरलेली होती. वाचता वाचता ती शुक्रवारच्या पावणेसातवर आली आणि थांबली.

मला वाटलं, वाच की. पण तिला कळलं होतं. दर शनिवारी सकाळी खोलीत उदाचा वास यायचा त्याचा अर्थ आता लागला, आणि दर शुक्रवारी गावात ऊद कुणाच्या घरी जळतो हे काय तिला ठाऊक नव्हतं? मालकाच्या आईचं नाव मालकासमोर घ्यायचं तरी कसं?

"काय लिवलंय?" भुजंगरावांनी विचारलं.

"पावणेसातला दार उघडलं. अठराचे एकोणतीस झाले. सव्वानऊला लागलं."

"कुणी उघडलं?"

"कार्डात नाव नसतं, दादा."

कस्तुराबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. "म्या उघडलं," त्या म्हणाल्या. "सुक्रवारचा दिवा-ऊद लावते अन् दार उघडं ठेवते. दिवेलागणीला बंद दारातून लक्ष्मी कशी येईल? घराचं ठेवते तसं तिथलं बी ठेवू लागले, महिना झाला. जेवल्यावर आठवण आली की लावून येते." मग पंचशीलाकडं वळल्या. "तुह्यावर आळ येत होता, अन् मी घरात जेवत बसले व्हय गं पोरी."

पंचशीला म्हणाली, "आजी, म्या बी फाईल उघडीच ठेवली होती मागल्या खेपेला. तुमची अन् माही चूक एकच हाय."

भुजंगराव उठले, चहाचा पहिला कप स्वतः उचलून पंचशीलाच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी तुला इचारायच्या आधीच ठरवून बसलो होतो. चुकलं माझं." दारातला शरणप्पा उगाच टेम्पोच्या काचा पुसायला लागला.

आता मी म्हातारा झालोय. कार्डाला लिहिण्याची मर्यादा असते, कधीतरी माझंही पान भरेल. त्याआधी एवढं ऐका. मला चालू यंत्रातून उपटून काढू नका, लिहिणं संपू द्या, फाईल मिटू द्या. आणि कुणावर बोट ठेवण्याआधी एकदा नोंद वाचा. नोंद नसेल तर ती ठेवायला शिका, पंचशीलासारखी.

पुढच्या शुक्रवारी पंचशीला सहाला गेली नाही, थांबली. पावणेसातला बांगड्या वाजल्या. कडी सरकली नाही. कस्तुराबाईंनी दिवा बाहेर, उंबऱ्याशी लावला आणि हात जोडून बंद दाराकडं बघत विचारलं, "अठरा हाय का गं?"

"अठराच हाय, आजी."

ती ओळ मी लिहिली, आणि फाईल मिटली.