चिंचेतलं माणिक

अंगठीबरोबर एक कार्ड मिळालं होतं, एटीएमच्या कार्डाएवढं. ते मी यांना कधी दाखवलं नाही, पैठणीच्या घडीत ठेवलं. त्यावर इंग्रजीत काही ओळी छापल्या आहेत. त्या ओळी धरूनच सांगते, कारण पहिल्यापासून सरळ सांगायला बसले की मी खोटं बोलायला लागते.

नाव: नैसर्गिक माणिक

हे खरं आहे. माणिक खाणीतलंच होतं. मोहनभैयांनी मला फसवलं नाही. सदर बाजारातल्या त्यांच्या खड्यांच्या दुकानात त्या दिवशी फसवायच्या बेतानं शिरलेली एकटी मीच होते.

वजन: सव्वापाच रत्ती

वजन भय्यासाहेबांनी काढून दिलं. भय्यासाहेब रेल्वेतून निवृत्त झाले, आता मराठी मंडळातल्या सगळ्यांच्या पत्रिका बघतात, पैसे घेत नाहीत. यांची पत्रिका मांडीवर घेऊन म्हणाले, "नीलकंठराव, रवी कमजोर आहे. रवी म्हणजे हृदय. माणिक घाला, सव्वापाच रत्तीचं, सोन्यात, उजव्या अनामिकेत. आणि कोंदण मागून उघडं पाहिजे, खडा कातडीला टेकला पाहिजे."

हे एकदम टवटवीत झाले. "म्हणजे मशीनिंगचा टॉलरन्स सांगून राहिले तुम्ही," म्हणाले.

हे चौतीस वर्षं फॅक्टरीत होते, इन्स्पेक्शनमध्ये. डोळ्याला भिंग लावून पितळी भागांवरची केसाएवढी चीर शोधायची आणि माल परत करायचा. परत केलेल्या मालाला लाल रंगाचा ठिपका देत, चुकून कोणी पुन्हा लॉटमध्ये घालू नये म्हणून. रिटायर होताना ते भिंग पैसे भरून घरी आणलं.

भय्यासाहेब जाताना मी फाटकापर्यंत गेले. ते हळूच म्हणाले, "वहिनी, माणसाला हातात धरायला काही तरी पाहिजे." म्हणजे नागपूरचं त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

नागपूरचं असं. नोव्हेंबरात दाखवायला नेलं होतं. हे बाहेर व्हीलचेअरवर, मी आत. डॉक्टर तरुण होते, फायलीवरून नजर न काढता म्हणाले, पंपिंग वीस टक्क्यांच्या खाली आहे, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या, सेवा करा. किती दिवस, विचारलं. उन्हाळा बघतील असं वाटत नाही, म्हणाले.

मी बाहेर आले. यांनी विचारलं, "काय म्हणाला पोरगा?"

"गोळ्या बदलल्यात," मी म्हणाले.

रंग: लाल

यांना सांगितलं ते असं: मोहनभैयांनी एकच खडा दाखवला, एक नंबरचा, बघताक्षणी पसंत पडला, एफडी मोडली, अंगठी करायला टाकली. हे म्हणाले, चांगलं केलंस.

घडलं ते असं.

मोहनभैयांनी तीन पुड्या उघडल्या आणि तिन्ही घेऊन दुकानाच्या दाराशी गेले. "दीदी, इधर आइए. माणिक कभी बल्ब के नीचे मत देखिए. पीले बल्ब में तो टमाटर भी माणिक लगता है."

पहिला खडा उन्हात धरला. आतून पेटल्यासारखा होता, पण अगदी स्वच्छ नव्हता. तिरपा केला की आत रेशमाचे बारीक धागे दिसायचे. मला वाटलं हाच खोटा. ते हसले. "उलटा है. ये रेशम ज़मीन के अंदर बना है. जिस लाल में कुछ भी न दिखे, उससे डरिए." या खड्याला भट्टी लागली नव्हती. असे फार थोडे निघतात.

दुसरा भट्टीतून काढलेला. "ये भी असली है. आँच से रंग खुल गया, बस. आजकल दस में नौ ऐसे ही. पंडित लोग मना करते हैं, पर इसमें धोखा नहीं."

तिसरा सगळ्यांत लाल होता. मी हात पुढे केला तसे ते थांबले. "ये मैं आपको बता के दूँगा. पत्थर असली है, पर दरारें ही दरारें थीं. काँच पिघला के भर दिया. चेहरा अच्छा है, उमर नहीं है."

भिंगातून दाखवलं. आत बुडबुडे होते, सोड्याच्या बाटलीत असतात तसे, आणि हलवलं की चिरेवरून एक निळी झाक सरकायची. भिंगाशिवाय काहीच कळत नव्हतं.

मी दुकानाबाहेर जाऊन आलोकला फोन लावला. आलोक आमचा मुलगा, पुण्यात असतो. त्याला मराठी सगळं समजतं, बोलतो हिंदीत.

"आई, देखो," तो म्हणाला. "डॉक्टर ने जो बोला वो बोला. बाबा को तसल्ली चाहिए. असली-नकली से क्या फ़र्क पड़ता है अब."

"फरक पडत नाही," मी म्हणाले. त्याचं वाक्य मला हवंच होतं. माझ्या तोंडून निघालं नसतं.

एफडी मोडली नाही. ती माझ्या पुढच्या वर्षांची होती. त्या वर्षांत हे नव्हते.

मी तिसरा घेतला. मोहनभैयांनी माझ्याकडे पाहिलं, पुढे काही विचारलं नाही. कार्डाबरोबर एवढंच म्हणाले, "नींबू, इमली, तेज़ाब, इन तीनों से बचाइए. काँच गल जाता है. और किसी सुनार की भट्टी के पास मत ले जाना."

आकार: लंबगोल

यावर काही नाही. बोटात छान दिसत होता.

पारदर्शकता: चांगली

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी सकाळी घातली. ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी आणलं, कच्च्या दुधात बुडवली, हे पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. उभं राहायला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी म्हटलं, भिंगातून बघून तर घ्या. बघितलं असतं तर मी तिथंच सुटले असते.

"घरच्या मालाला काय इन्स्पेक्शन," हे म्हणाले आणि बोट पुढे केलं.

आणि मग, हे लिहायला नको वाटतं, ते सुधारले. खरंच सुधारले. पायांवरची सूज उतरली. वरणभात मागून खाल्ला. शेजारचे आले की उजवा हात उगीच टेबलावर ठेवून बसायचे. एकदा मला म्हणाले, "शैलजा, खालून गरम लागतं मला. खडा टेकतो ना तिथं." फोनवर आलोकला म्हणाले, होळीला ये, आपण दोघं भेडाघाटला जाऊ, मी नाव वल्हवीन.

मीही थोडी विसरले होते. जानेवारीत एकदा मोठ्यानं हसल्याचं आठवतं.

प्रक्रिया: काच भरलेली

यंदा रथसप्तमी रविवारी आली. रवीची तिथी आणि रवीचा वार. यांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं की उद्या अर्घ्य मी देणार.

शनिवारी दुपारी मी तांब्याची भांडी चिंच लावून ठेवली होती: पळी, पंचपात्री, ताम्हन. ताम्हनात चिंचेचा कोळ तसाच होता. मी आत उद्याच्या खिरीचे गहू बघत होते. बाहेर आले तर हे वेताच्या मोढ्यावर बसलेले, आणि अंगठी ताम्हनात, कोळात बुडालेली.

"हे काय करून राहिले?"

"आंघोळीचा साबण बसला आहे मागून. उद्या देवासमोर असा माल न्यायचा?"

"काढा आता. निघाला असेल मळ."

"राहू दे उद्या सकाळपर्यंत. माणिक आहे, साबणाची वडी नाही. हिऱ्याच्या खालोखाल कडक."

ते बरोबर बोलत होते. खऱ्या माणकाला चिंच काय करणार? तोंडातून "चिंचेत नको" निघालं असतं तर पुढचा शब्द "काहून" हा होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं.

ते आत जाऊन पडल्यावर मी ताम्हनाशी गेले. अंगठी उचलली, धुतली, पदरात पुसली. लालच होती. आतून आवाज आला, "शैलजा, हलवू नको गं ते." त्यांना पलंगावरून ताम्हन दिसत होतं. मी अंगठी परत ठेवली. मनात म्हटलं, एका रात्रीत काय होतंय.

सकाळी यांनीच काढली. नळाखाली धरली. मग उन्हात गेले. मग परत नळाखाली.

खड्यावर पांढऱ्या रेषा उठल्या होत्या. एक-दोन नाही, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मधला लाल फिकट, दुधाळ.

हे रागावले नाहीत, घाबरलेही नाहीत. खुर्चीवर बसले. "भय्यासाहेब सांगत होते," म्हणाले. "घालणाऱ्याचे दिवस भरत आले की माणिक रंग सोडतं. त्याला आधी कळतं."

अर्घ्य दिलं नाही. खीर ताटात तशीच राहिली. सोमवारी सकाळच्या गोळ्या घेतल्या नाहीत. "आता काय करायच्या," म्हणाले. मंगळवारी आलोकला बोलाव म्हणाले. मी म्हटलं, होळीला येणारच आहे की. तसे भिंतीकडे वळले. पायांवर सूज परत आली, बोट दाबलं की खड्डा राहायचा.

दगडानं त्यांना मरण सांगितलं, आणि दगड खोटा होता. नुसतं "काच होती हो" म्हटलं की भीती जाईल, गोळ्या घेतील. बुधवारभर हे वाक्य मी स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. वाक्याच्या पुढे काय आहे ते मला दिसत होतं. तरी म्हटलं, आधी गोळ्या.

शेरा: आम्लापासून दूर ठेवावे

गुरुवारी सकाळी, दहाच्या सुमाराला. ऊन पलंगावर आलं होतं.

"अहो, ते माणिक तसलं नव्हतं."

"कसलं?"

"काच भरलेलं होतं. चिरांमध्ये. चिंचेनं काच खाल्ली. तुमच्या तब्येतीशी त्याचं काही नातं नाही."

त्यांनी मान वळवली. "मोहननं फसवलं?"

हो म्हणता आलं असतं. एक अक्षर होतं.

"नाही. त्यांनी सांगूनच दिलं."

मी वाट बघत होते की ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, छातीला सोसलं नसतं तरी. ते म्हणाले, "भिंग दे ड्रॉवरमधलं."

उशी लावून बसवलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, अंगठी उन्हात धरली, दोन बोटांत सावकाश फिरवली. हात थरथरत नव्हता. या कामात त्यांचा हात कधीच थरथरायचा नाही. इतका वेळ बघितलं की पलंगावरचं ऊन चादरीच्या दुसऱ्या पट्टीवर गेलं.

"बबल आहेत," म्हणाले. "पहिल्याच दिवशी दिसले असते."

"हो."

"एफडी?"

"आहे."

"मोडली नाही."

"नाही."

त्यांनी भिंग खाली ठेवलं नाही. "नागपूरच्या पोरानं काय सांगितलं होतं, शैलजा?"

मी सांगितलं. पंपिंग, सेवा, उन्हाळा, सगळं, डॉक्टर बोलले होते त्याच क्रमानं. सांगताना मी चादरीची सुरकुती सरळ करत होते.

"आलोकला माहीत आहे?"

"हो."

"भय्यासाहेबांना?"

"हो."

"आणि मोहनला."

"त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांना कळलं."

"अच्छा," हे म्हणाले. मग भिंग चादरीवर ठेवलं. "म्हणजे मीच राहिलो होतो."

मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटत होतं ना, डिसेंबरात, खरंच वाटत होतं ना. त्यांनी उजव्या अनामिकेवरच्या पांढऱ्या वळाकडे पाहिलं. त्या जागेवर अंगठा फिरवला.

"गरम लागत होतं," म्हणाले.

अंगठी बोटात घातली नाही. भिंगाच्या डबीत ठेवली, वर भिंग ठेवलं आणि डबी बंद केली. गोळ्यांची वाटी मी पुढे केली, ती त्यांनी घेतली. एकेक करून पाचही गोळ्या गिळल्या, माझ्यासाठी गिळत असल्यासारख्या. पेला परत देताना म्हणाले, "आलोकला म्हण, तिकीट काढ. होळीचं नको."

मी फोन लावला. "हाँ, आई," तो म्हणाला. मग परत म्हणाला, "हाँ, आई, बोलो."

हे माझ्याकडे बघत होते. मला पुढचं वाक्य मराठीत सुचेना, आणि हिंदीतही.