न सांडलेलं पाणी

मित्रांनो, पेनांगच्या एका गल्लीतल्या अंगणात, पपईच्या झाडाखाली बसलेला जुना मातीचा रांजण म्हणजे मी. आता माझ्यात पावसाचं पाणी साचतं. पण एके काळी माझ्या पाण्यावर डिस्कस नावाच्या चपट्या, रंगीत माशांचा संसार चालायचा.

माझा मालक तेक हिन नळाचं पाणी माझ्यात भरून रात्रभर तसंच ठेवायचा. त्यातलं क्लोरीन उडून गेलं, की हात बुडवून ऊब बघायचा आणि मग बेताबेताने माशांच्या काचेच्या टाकीत सोडायचा. "बाहेरून आलेल्याला आधी जरा बसू द्यावं," असं म्हणून हसायचा. माझ्यात घाणीचा थेंब कधी पडला नाही, याचा मला फार अभिमान होता.

त्या वर्षी चिनी नव्या वर्षाच्या तोंडावर त्याच्या लाडक्या जोडीला पहिल्यांदाच पिल्लं झाली. इवलीशी पिल्लं आईबापाच्या अंगाला बिलगून, तिथला चिकट थर खाऊन जगत होती. सणाच्या आदल्या रात्री आमच्याकडे ताटात मुद्दाम अन्न उरवतात, म्हणजे वर्षभर काही कमी पडत नाही. तेक हिनच्या म्हाताऱ्या आईने, बी चूने, माशांसाठीही तेच केलं. खिम्याचा मूठभर गोळा टाकीत सोडला.

सकाळी पाणी गढूळ, आंबूस. आईबाप काळवंडून कोपऱ्यात तोंड घालून बसलेले. पिल्लं गळून खाली पडत होती.

"आई, काय केलंस हे!"

"अरे, सण होता. त्यांच्या घरी काही उरायला नको?"

"आत्ताच्या आत्ता पाणी काढतो."

"खबरदार! वर्षाचा पहिला दिवस आहे. आज घरातलं पाणी बाहेर ओतलंस तर सगळं भाग्य गटारात जाईल. उद्या काढ."

"उद्या कुणासाठी काढू? मेलेल्यांसाठी?"

"सणासुदीला असं बोलतोस? जिभेला काही हाड?"

पण ती चष्मा लावून टाकीपाशी वाकली. तळाशी पडलेली पिल्लं एकेक करून पाहिली. मग माझ्या काठावर हात ठेवून म्हणाली, "पाणी घराबाहेर जायला नको, एवढंच ना? ह्यात ओत."

"मातीत घाण मुरेल, आई. पुन्हा माशांच्या कामाचा राहणार नाही हा."

"रांजण दुसरा मिळेल रे. ही पिल्लं मिळतील का?"

सणाची सगळी पातेली तिने स्वतः काढली. माझं नितळ पाणी त्यांत गेलं आणि टाकीतलं नासकं माझ्यात आलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. पातेल्यांतलं पाणी तेक हिनने हळूहळू टाकीत सोडलं. पाहुणे येऊन गेले, तरी बी चू टाकीसमोरून हलली नाही. संध्याकाळी मादीचा रंग उजळला. उरलेली पिल्लं पुन्हा तिला बिलगली, तेव्हा म्हातारी बाहीनेच डोळे पुसत होती.

तो वास माझ्यातून गेला नाही. घरात नवा रांजण आला, मी अंगणात आलो. दर नव्या वर्षी पहिल्या सकाळी बी चू माझ्या काठावर मानाचं एक संत्रं ठेवायची. आता ती नाही. तेक हिन ठेवतो.

मित्रांनो, माशांना भूक लागते, पण 'पुरे' म्हणता येत नाही. ते तुम्हीच म्हणा. आणि त्यांचं पाणी आज बदलायचं असेल, तर उद्यावर टाकू नका.