धुऱ्याचा वकील

आमच्या घरी पेशीचा दिवस म्हणजे सण असायचा. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. माझे सासरे डोमाजी, त्यांना मी मामाजी म्हणायची, त्या दिवशी कोंबडा आरवायच्या आधी उठत, धुतलेलं धोतर नेसत, टोपी उजेडात धरून तिच्यावरचे डाग शोधत आणि सासूबाईंच्या मागे लागत, "डबा दोघाइचा बांधजो वं. ठेचा जरा जास्त टाकजो, चंद्रभानले लागते."

हा चंद्रभान म्हणजे मामाजींचा वैरी. ज्याच्याशी केस चालू होती तो.

पवनारला धाम नदीच्या बाजूला आमचं वावर, त्याला लागून चंद्रभानकाकांचं. दोन वावरांमधल्या हद्दीला आमच्याकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर एक बोरीचं झाड. ते झाड आणि त्याच्या पायथ्याची पट्टी कोणाची, एवढीच ती केस. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून चालू होती. दोघं एकाच एस.टी.नं वर्ध्याला जात, एकाच बाकावर बसत, कोर्टात एकमेकांना खोटारडे म्हणत, दुपारी कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली एका डब्यात जेवत आणि परतताना कापसाच्या भावावरून सरकारला शिव्या देत घरी येत. नवी सून होते तेव्हा मला वाटलं, वैरी आहे, याला कशाला चहा द्यायचा? दिला नाही. मामाजी असे उखडले की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी माझं लक्ष नव्हतं.

आमचे वकील वासुदेवराव. माणूस उंचापुरा, आवाज असा की ते बोलायला लागले की व्हरांड्यातले लोक आत डोकावत. मामाजींची त्यांच्यावर देवासारखी श्रद्धा. "इतके साल झाले, एक इंच जाऊ देली नाई," असं जो भेटेल त्याला सांगायचे. वकीलसाहेब हरले नव्हते हे खरंच होतं. ते जिंकलेही नव्हते, हे मात्र मामाजींच्या कधी ध्यानात आलं नाही. मी सून, मी कशाला बोलू?

आता नलूबद्दल सांगते. नलू माझी नणंद. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटायचं, कारण आम्ही दोघी मिळून तिच्या भावाला नावं ठेवायचो. तिला कारंज्याला दिली होती. हायवेवर जावयाचं टायरचं दुकान, ट्रकवाल्यांची रीघ, खाऊनपिऊन सुखी घर. पण जावयाचं, मधुकररावांचं, दुसरं एक घर अमरावतीला होतं, लग्नाच्या आधीपासून. आईनं विष घ्यायची धमकी दिली म्हणून ते नलूच्या मांडवात उभे राहिले. माणूस पीत नव्हता, मारत नव्हता. घरीच येत नव्हता. नलू तिकडे सासूसोबत भिंतीकडे बघत बसायची. एका दिवाळीला माहेरी आली आणि परत गेलीच नाही.

त्यानंतर तिच्या मागे एक प्रश्न लागला. नदीवर धुणं धुताना, हळदीकुंकवाला, एस.टी.त, जी भेटेल ती विचारायची, "काऊन वं नलू, कवा जातं?" सासरी परत कधी जातेस, हे माहेरी आलेल्या लेकीला विचारायचंच असतं, त्यात कोणाची खोड नव्हती. नलू पायाच्या नखाकडे बघायची आणि मामाजी तिच्या वतीनं सांगायचे, "जाईन ना, थंडी सरली का." थंडी सरली की म्हणायचे, "उन्हाळा सरला का." ऋतू फिरून फिरून परत तिथंच आले. नलू वाळत चालली होती. आणि मला तिच्यापेक्षा त्या बायांचाच राग यायचा, काय करू, माझा स्वभावच तसा.

एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "वयनी, मले सोडचिठ्ठी पाहिजे. कोर्टातली, पक्की. मंग मले कोणी नाई इचारणार, कवा जातं म्हणून."

मीच डोक्यावर पदर घेऊन मामाजींना सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "वासुदेवरावले सांगतो. नलूचं काम हाय, सगळ्यात मोठाच वकील पाहिजे." त्या दिवशी मला सासरा म्हणून नाही, माणूस म्हणून ते फार आवडले.

मामाजी, नलू आणि मी असे तिघं वर्ध्याला गेलो. वासुदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मामाजींचं ऐकून घेतलं. नलूकडे त्यांनी एकदाच पाहिलं, तेही पंखा तिच्याकडे वळवायला. मग आवाज चढवून म्हणाले, "डोमाजी, सोडचिठ्ठी द्यायचीच नाही! त्याला तेच तर पाहिजे. आपण नांदवायचा दावा लावू, खावटीचा लावू. खाली हरलो तर नागपूरला अपील करू. म्हातारा होऊन जाईल, पण त्याला दुसरं लग्न करू देणार नाही."

मामाजींचा चेहरा असा फुलला, जणू बोरीचं झाड मुळासकट घरी आलं. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला चहा सांगितला. वर भजीही सांगितली.

नलूनं भज्याला हात लावला नाही. "बाबा, तो बुढा होईन म्हनते. आन् मी?"

"तू काऊन होशीन बुढी?" मामाजी म्हणाले.

"मी काई धुरा नाई बाबा. धुरा राह्यते जागच्या जागी पडून, कितीक साल केस चालली तरी. मले तो बुढा नाई करायचा. मले सुटायचं हाय."

"तुले काय समजते? साऱ्या जिल्ह्यात असा वकील नाई!" मामाजी कपबशी आपटून उठले. एस.टी.त ते पुढे बसले, आम्ही मागे. घरी आल्यावर आठवडाभर घरात फक्त भांडी बोलत होती.

त्यानंतरची पेशी आली. चंद्रभानकाका नेहमीसारखे गाडीच्या वेळेआधी येऊन ओसरीवर बसले. मी चहा घेऊन गेले, तर ते मामाजींना म्हणत होते, "डोमा, एक बोलू? राग नको धरजो. तुया वकील लय तगडा. माया वकील बापूजी, थो मेंगळट. दर पेशीले मले म्हनते, चंद्रभान, मिटवून टाक. म्या त्याले मनातल्या मनात लय शिव्या देल्या."

"मंग बदलून काऊन नाई टाकला?"

"बदलत होतो. मिटवत बी होतो. पन मंग वाटे, मिटलं तं आपुन दोघं वर्ध्याले कायले जाऊ?"

मी चहा हातात घेऊन तशीच उभी.

"आपलं चालते गा," काका म्हणाले. "आपले दिवस असेही जाऊन राह्यले आन् तसेही जातीन. पोरीचं तसं नाई. तिले बापूजीकडे ने."

"वैऱ्याच्या वकिलाकडे? माही पोरगी?" मामाजी एवढ्यानं ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

दाराआडून नलू बाहेर आली. "काका, मी येतो. मले भेटवता का त्याइले?"

मामाजींनी तोंड फिरवलं, पण नाही म्हणाले नाहीत. त्या दिवशी पेशीला एस.टी.त आम्ही चौघं होतो आणि कोणीच कापसाच्या भावावर बोललं नाही.

बापूजी वकिलांचं ऑफिस म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. दोरीवर वाळणारे कपडे बाजूला सारून आत जावं लागे. मामाजी फाटकाबाहेरच उभे राहिले. बापूजींचा आवाज इतका बारीक की मला पुढे सरकून बसावं लागलं. मला वाटलं, मेलं, हा काय आमच्या नलूला सोडवतो! त्यांनी काकांना गप्प बसवलं, माझ्याकडे बघितलंच नाही आणि नलूला म्हणाले, "तूच सांग. हवा तेवढा वेळ घे."

तिनं घेतला. ती रडली, थांबली, परत बोलली. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "मधुकररावांना काय पाहिजे?"

नलू गोंधळली. हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. "त्याइले बी सुटायचं हाय."

"मग भांडण कोणाशी आहे, बेटा?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. दोन वर्षांमागं, शहात्तर साली, नवा कायदा झाला होता. नवरा-बायको वर्षभर वेगळे राहिलेले असले आणि दोघांनाही पाहिजे असलं, तर दोघांनी मिळून अर्ज करायचा. सहा महिने थांबायचं, मग परत जाऊन दोघांनी तेच सांगायचं. कोणाला खोटं पाडायचं नाही, कोणाच्या घरातली घाण कोर्टात वाचायची नाही. "सूड पाहिजे असेल तर मी तुझ्या कामाचा नाही," ते म्हणाले. "सुटका पाहिजे असेल तर होईल."

"मले सुटकाच पाहिजे. तुमीच करा."

बापूजींनी चष्मा काढला. "मला नाही करता येणार. मी तुझ्या वडलांच्या विरुद्ध उभा आहे. सकाळी बापाला खोटारडा म्हणायचं आणि दुपारी लेकीचं वकीलपत्र घ्यायचं, हे माझ्यानं होणार नाही. दुसऱ्या वकिलाचं नाव देतो, चांगला माणूस आहे."

"नाई," नलू म्हणाली. तिला इतकं ठाम बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "नवरा दुसऱ्याइनं पसंत केला. वकील मी करीन. मले तुमीच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं मामाजींना मीच सांगितलं, काही न वगळता. धुऱ्याची केस मिटल्याशिवाय बापूजी नलूची केस घेणार नाहीत, आणि नलू दुसरा वकील घेणार नाही. त्यांनी ऐकलं, टोपी घातली आणि वावराकडे चालते झाले. जेवायची वेळ टळली तरी येईनात. सासूबाई मला म्हणाल्या, तुला काही पोचच नाही. मीही मनातून घाबरले होते.

दिवेलागणीला आले. धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधलं होतं. नलू उंबऱ्यावर बसली होती. तिच्यापुढे वाकून त्यांनी गाठ सोडली आणि पिकलेली बोरं तिच्या ओच्यात ओतली.

"खाऊन घे, बाई," ते म्हणाले. "पुढच्या सालापासून चंद्रभानची होतीन."

नलूनं एकही बोर खाल्लं नाही. ती त्यांच्या पायांना मिठी मारून बसली आणि मामाजी, "अवं सोड, पाय चिखलाचे हायेत," एवढंच म्हणत राहिले.

वासुदेवरावांकडे ते स्वतः गेले. वकीलसाहेबांना लागलं असणारच. ते म्हणाले, "डोमाजी, आपण हरत होतो का?" मामाजी म्हणाले, "नाई साहेब, तुमी कवाच हारले नाई. मीच थकलो म्हना." खोटं बोलले, पण चांगलं खोटं बोलले. त्या माणसानंही पुढे आयुष्यभर वाईट शब्द काढला नाही.

कोर्टात समझोता झाला, पट्टी आणि झाड चंद्रभानकाकांच्या नावे लागलं. ते कागदावर अंगठा लावताना इतके कष्टी होते की बघणाऱ्याला वाटावं, हेच हरले. मग बापूजींनी नलूचं वकीलपत्र घेतलं. मधुकरराव अर्जावर सही करायला आले ते इस्त्रीचा बुशशर्ट घालून, मान खाली घालून. नलूची सासरी राहिलेली शिलाई मशीन त्यांनी ओळखीच्या ट्रकवर टाकून आणली होती. "तेल घालून आणली," एवढंच ते तिला म्हणाले. मी त्या माणसाला शिव्या द्यायच्या ठरवून गेले होते. एकही आठवली नाही.

सहा महिने गेले. शेवटच्या पेशीला सासूबाईंनी डबा चौघांचा बांधला, कारण काकांचं आता कोर्टात काही काम नव्हतं तरी ते गाडीच्या वेळेआधी ओसरीवर हजर होते. "आदत पडली," म्हणाले. जजसाहेबांनी नलूला विचारलं, तिनं होय म्हटलं, मधुकररावांनी होय म्हटलं आणि झालं. इतकंच असतं ते, हे मला आधी माहीत नव्हतं. कडुनिंबाखाली आम्ही ठेचा-भाकर खाल्ली. बापूजींनाही एक भाकर दिली, ती त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली.

परतीच्या एस.टी.त दोघं म्हातारे पुढच्या बाकावर, आम्ही त्यांच्या मागे. मामाजी म्हणाले, "काऊन गा चंद्रभान, पुढच्या महिन्यात येऊ वर्ध्याले?"

"कायले?"

"असंच."

पवनारच्या आश्रमाच्या अलीकडच्या थांब्यावर आमच्या गल्लीतल्या आनंदाबाई चढल्या. गाडी भरलेली. त्यांनी वरचा दांडा धरला, नलूला पाहिलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काऊन वं नलू, कवा जातं?"

नलूची मान सवयीनं खाली गेली. माझ्या तोंडावर असं उत्तर आलं होतं की आनंदाबाई पुढच्या थांब्यावरच उतरल्या असत्या. पण माझ्याआधी मामाजी वळले. बाकाला धरून उभेच राहिले, एक हात टोपीवर.

"जात नाई आनंदाबाई, ते आता कोठीच जात नाई," ते म्हणाले. "ते तिच्या घरीच हाय. आन् आता तिले कोनी इचारू नका."

आनंदाबाई बऱ्या मनाची बाई. "बरं झालं बाप्पा," म्हणाल्या आणि आमच्याच बाकावर नलूच्या बाजूला दाटीवाटीनं टेकल्या. मामाजी खाली बसले तेव्हा चंद्रभानकाकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. मी तिथेच, भर गाडीत, डोळ्यांना पदर न लावता रडले. नलू मात्र रडली नाही. ती मान वर करून खिडकीतून पुढच्या रस्त्याकडे बघत होती, आणि आनंदाबाईंना विचारत होती, "मावशी, तुमाले ब्लाउज शिवायचा हाय का? माही मशीन आली."