देवाच्या वाटणीचा लावार

"ती रक्ताची वाटी आत ठेवा नेंगादादा, पाहुणे येताहेत," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. नेंगाने वाटी ओट्याखाली ढकलली. आज ती बाहेर काढायची त्याला काय हुक्की आली होती, त्याचं त्यालाच ठाऊक.

बावीस वर्षं नेंगा सुकर्मा समुद्रकाठच्या या हॉटेलात परदेशी पाहुण्यांना बालीचं जेवण करून दाखवत होता. सकाळी दहाच्या ठोक्याला डोक्याला पांढरा पटका, कमरेला चौकड्याचं वस्त्र आणि चेहऱ्यावर हसू. गवती चहाच्या काड्यांना थापलेला माशांचा खिमा, भाताच्या तुसात दिवसभर भाजलेलं बदक, आणि सगळ्यात शेवटी लावार. बारीक कोचलेल्या शेंगा, भाजलेलं खोबरं, डुकराचं मांस, वाटण आणि ताजं रक्त, हे सगळं हाताने कालवलं की लावार होतो. हॉटेलात मात्र रक्त नाही, खारवलेल्या कोळंबीचा गोळा नाही, आणि मूठभर मिरच्यांच्या जागी दोन, त्याही बिया काढून. मग उरते ती शेंगांची कोशिंबीर. पाहुणे ती चाखून विचारत, "तुम्ही घरी असंच खाता?" आणि नेंगा म्हणे, "हो." बावीस वर्षं तो हेच "हो" म्हणत आला होता.

पाहुणे पांगल्यावर तो बाईंकडे गेला. "बाई, उद्या गावच्या देवळाचा उत्सव आहे. या खेपेला लावार माझ्याकडे दिलाय."

"अरे वा! पण उद्या चाळीस जण येताहेत, दादा. दहाच्या आत या म्हणजे झालं."

गावात लावार कालवण्याचा मान एकाचाच असतो. नेंगाच्या वडिलांनी तो तीस वर्षं सांभाळला. त्यांच्यानंतर तो गावातल्या मेरता आजोबांकडे गेला, आणि आता आजोबांचे हात थरथरायला लागले होते. 'बापाचा हात पोरात उतरला असेल' म्हणून पंचांनी नेंगाचं नाव घेतलं. रात्री जेवताना नेंगा बायकोला म्हणाला, "उद्या हात चालला ना, की त्या हॉटेलला रामराम."

"आणि खायचं काय?" सुकेर्तीने विचारलं.

"अगं, मानाच्या आचाऱ्याला दहा गावची बोलावणी येतात. बाबांच्या वेळी लोकांकडून इतकं यायचं की चार-चार दिवस घरची चूल पेटवावी लागत नव्हती."

"आधी हात तर चालू दे," ती म्हणाली. पण त्याचा पटका तिने त्याच रात्री धुऊन ठेवला.

पहाटे गावच्या मंडपात साठ पुरुष चिंचेच्या लाकडाच्या ठोकळ्यांवर मांस कोचत बसले होते. उत्सवाच्या दिवशी सुरी पुरुषांच्या हातात, बायका देवाच्या परड्या सजवणार. त्या खटखटाटात चुलतभाऊ कोमांगने नेंगाला पाहिलंच. "या, हॉटेलवाले, या! सुरी कुठली आणलीत, पावाला लोणी लावायची?"

"तुझी जीभ कापायची," नेंगा म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. फार दिवसांनी त्याला मोकळं वाटत होतं.

देवाच्या वाटणीचं चाखायचं नसतं. तो वाटा आधी निघतो, आणि निघेपर्यंत त्या पातेल्यातलं कुणी जिभेला लावत नाही. कालवणाऱ्याने वास घ्यावा, हाताचं ऐकावं आणि हात म्हणेल तिथे थांबावं. वडिलांनी नेंगाला एवढंच शिकवलं होतं. तो मोठ्या पातेल्यापुढे मांडी घालून बसला, कोपरापर्यंत हात घातला आणि कालवू लागला. खोबरं, शेंगा, वाटण. हात कुठे अडला नाही, अडखळला नाही. 'बाबा, चालतोय की हात,' तो मनात म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. देवाचा वाटा पानांत बांधून बायकांनी डोक्यावरून देवळाकडे नेला. नेंगा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

मग पंगत बसली. एका ताटात भाताची रास, भोवती आठ जण, आणि आठही जणांचं झाल्याशिवाय एकानेही उठायचं नाही. नेंगाच्या ताटावर कोमांग होता, आणि मेरता आजोबा थरथरत्या हाताने लावार भातावर घालत होते. नेंगा सोडून सगळ्यांनी पहिला घास घेतला.

"नेंगा," कोमांग म्हणाला, "आज पाहुणे येणार आहेत का रे?"

शेजारच्या ताटावर कुणीतरी फिसकन हसलं.

"रक्त घातलंस ना?" आजोबांनी विचारलं.

"घातलं की."

वाढप्याने रक्ताची वाटी आणून दाखवली. रक्त काठाखाली जेमतेम बोटभर गेलं होतं. वाटलेल्या मिरचीचा गोळाही जवळजवळ तसाच होता. हात चालला होता खरा, पण बावीस वर्षं ज्या वाटेने चालत आला त्याच वाटेने. आणि तो लावार आता देवापुढे होता. तिथे गेलेलं परत मागता येत नाही.

नेंगाने अजून घास घेतला नव्हता. काय कमी पडलंय ते एकदा जिभेला कळलं, तर पुढच्या खेपेला हाताला सांगता येईल, असं मनाशी म्हणत त्याने घास तोंडात घातला. चावला, गिळला. दुसरा घेतला.

"सांग बघू, काय कमी आहे?" आजोबांनी समजुतीच्या सुरात विचारलं. "हात चुकतो रे कुणाचाही. जीभ शाबूत असली म्हणजे झालं. सांग."

सातही जण त्याच्याकडे बघत होते. रक्त कमी, तिखट कमी, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. वाटी तर समोरच होती. उठून जायची सोय नव्हती, नाहीतर तो कधीच उठला असता.

"मला बरोबर लागतंय, आजोबा," नेंगा म्हणाला.

या खेपेला कुणी हसलं नाही. आजोबांनी मिरचीचा ठेचा मागवला. ठेच्याची वाटी हातोहात फिरू लागली, जो तो आपल्या बाजूच्या भातावर ठेचा घेऊ लागला. फिरत फिरत ती नेंगापुढे आली, तेव्हा आजोबांनीच चमचा भरला आणि त्याच्या भातावर धरला.

"त्याला नको, आजोबा," कोमांग हळूच म्हणाला. "झोंबेल त्याला."

तो चिडवत नव्हता. आजोबांनी चमचा मागे घेतला आणि वाटी पुढे दिली.