डावं मनगट

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या ताई आठ वर्षं कराटे शिकत होत्या आणि आठ वर्षांत त्यांच्या अंगावर एकदाही कोणी धावून आलं नव्हतं. हे खरं तर शिक्षणाचं यशच म्हणायचं. पण सासूबाईंचं मत वेगळं होतं. "आठ वर्षं वाऱ्याशी भांडतेय," त्या शेजारणीला सांगत, "वाऱ्याने अजून हार मानलेली नाही."

ताई हसण्यावारी न्यायच्या, पण बोलणं आत जाऊन बसायचं. कारण रविवारपासून बायकांसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू होणार होता आणि कराटेच्या सरांनी तो त्यांच्या गळ्यात मारला होता. जाहिरातही लावून झाली होती: 'कोणत्याही प्रसंगाला सज्ज!' प्रसंग कसा दिसतो, हे मात्र ताईंनी पाहिलेलं नव्हतं.

"सर, हे खरंच कामाला येतं, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

"आत्मविश्वासाने," सर म्हणाले.

प्रसंग शुक्रवारी सकाळी दवाखान्यात आला. येताना आपल्या वडिलांना घेऊन आला.

वडिलांची नवी कवळी बोलताना खटखट वाजत होती. मुलगा दरवाजाएवढा. "डॉक्टरला बाहेर बोलव."

"आत पेशंट आहे, तोंड उघडून बसलेत ते. जरा बसा."

"मला बसायला सांगतेस?" असं म्हणत त्याने काउंटरवरून हात घातला आणि ताईंचं मनगट आवळलं. घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला.

आता इथे थोडं समजून घ्यायला हवं. वर्गात मनगट सोडवायचा डाव शिकवत तो उजव्या मनगटाचा. हल्लेखोराने उजवंच मनगट धरायचं, हे ठरलेलं. या गृहस्थाने धरलं होतं डावं. आणि ताई वर्गातल्या सगळ्यात जुन्या, त्यामुळे नवशिका चुकला की त्याला सुधारायचं काम त्यांच्याकडे. भीती पोटात होती ती पोटातच राहिली आणि तोंडातून सवयीचा आवाज बाहेर पडला.

"डावं नाही! उजवं धरायचं!"

शाळेत अशा आवाजापुढे बाकावर उभा राहिलेला असणार तो. "सॉरी," म्हणाला आणि मनगट बदललं.

पुढचं ताईंच्या हातांना पाठ होतं. पापणी लवायच्या आत तो काउंटरवर पालथा पडला, गाल प्लास्टरच्या दातांच्या साच्यावर. कळ सहन होईना तशी त्याने मोकळ्या हाताने काउंटरवर दोन थापा मारल्या. वर्गात थाप पडली की सोडायचं असतं. ताईंनी ताबडतोब सोडलं, एक पाऊल मागे सरल्या आणि रीतीप्रमाणे कमरेत वाकल्या.

तो लालबुंद होऊन उठला. आता हा विचारून धरणार नाही, हे ताईंनाही कळलं. तेवढ्यात वडिलांनी कवळी काढून हातात घेतली. त्यांना विनाव्यत्यय ओरडायचं होतं.

"बस खाली, गाढवा! ती बाई वाकून नमस्कार करतेय आणि तू अंगावर जातोस? कवळी माझी, तोंड माझं, तुझी कसली मधेच लुडबुड?"

गाढव बसलं.

डॉक्टरांनी दार किलकिलं केलं. "काही पडलं का?"

"पेशंटचा मुलगा," ताई म्हणाल्या.

सर ऐकून हरखले. "जाहिरातीत घालू! मी म्हटलं नव्हतं?"

"सर, त्याने माझ्या सांगण्यावरून मनगट बदललं."

"ते नाही घालायचं."

"आणि मी त्याला सोडून दिलं. वडील नसते तर?"

"तेही नाही."

रविवारी डझनभर बायका आल्या. बेकरीत पीठ मळणाऱ्या एकीने आल्या आल्या विचारलं, "ताई, खरं सांगा हं. बाहेर कामाला येतं का हे?"

मागे उभे असलेले सर खोकले. ताईंनी रुतलेल्या घड्याळाच्या पट्ट्यापासून कवळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. सरांनी खोकणं सोडून दिलं.

"म्हणजे नाहीच येत," बेकरीवाली म्हणाली.

"आवाज कामाला आला. मी गोठले नाही, एवढं नक्की. डावाचं अजून मला माहीत नाही. तुम्ही धरा मला. कसंही धरा."

बेकरीवालीने क्षणभर विचार केला आणि मागून येऊन ताईंना दोन्ही दंडांसकट कवळलं. थेट उचललंच. ताईंनी एक डाव टाकून पाहिला, दुसरा टाकून पाहिला. पण त्या हातांखाली रोज मणभर पीठ नमत होतं.

"सोडू का?"

"नको!" ताई पाय झाडत ओरडल्या.

सर पुढे झाले, त्यांना ताईंनी डोळ्यांनीच थांबवलं. मग होती नव्हती ती शक्ती लावून त्यांनी टाच मागे तिच्या नडगीवर हाणली. हा डाव कराटेच्या कुठल्याच पट्ट्याच्या परीक्षेला नव्हता. मिठी सुटली.

"आई गं! दुखलं की हो!"

"लागलं का फार?" ताईंनी धापा टाकत विचारलं. तिने नडगी चोळत नाही म्हटलं, तेव्हा त्या बाकीच्यांकडे वळल्या. "चला, जोड्या करा. आणि कुठे धरणार ते एकमेकींना सांगायचं नाही."